आमचे निवारा केंद्र बुडणाऱ्या पुलापलीकडे आहे : पुराचे निर्णय घेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांच्या पुराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, ते कर्नाटक व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांतील सर्व सन्माननीय अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस,

सविनय नमस्कार.

कर्नाटकातील निपाणी तालुक्यात दूधगंगेच्या काठी असलेल्या एका गावात माझे घर आहे. त्याच गावच्या मराठी शाळेत मी शिकवले आणि २०२० साली मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. यंदा मृगाच्या आधी आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर एक सूचना लागली. नदीकाठच्या कुटुंबांनी इशारा मिळताच नेमून दिलेल्या काळजी केंद्रात, म्हणजे निवारा केंद्रात, जावे, असा तिचा आशय होता आणि खाली गाववार केंद्रांची यादी होती. आजवर प्रत्येक पुरात ज्या शाळेने गाव सांभाळले, ती आमची शाळा या यादीत नव्हती. आमच्या गावापुढे नदीपलीकडच्या एका इमारतीचे नाव होते.

तिथे जाण्याची वाट बंधाऱ्यावरच्या पुलावरून आहे. हा पूल किती सखल आहे, हे ज्याने एक पावसाळा इथे काढला आहे त्याला सांगावे लागत नाही; गावातल्या पहिल्या उंबऱ्याला पाणी लागण्याच्या कितीतरी दिवस आधी तो पाण्याखाली गेलेला असतो. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे बंधारे पाण्याखाली गेल्याची बातमी आमच्याकडे दरवर्षी पुराची पहिली बातमी म्हणून छापून येते. म्हणजे घर सोडण्याचा आदेश ज्या दिवशी आमच्या हाती पडेल, त्या दिवशी आदेश पाळण्याची वाटच उरलेली नसेल. दूरचा वळसा घालून जाता येते, पण त्या रस्त्यावरचे ओढेही त्याच पावसात भरतात.

ही यादी बदलावी म्हणून गावाने सह्या करून अर्ज दिला. तो मराठीत आहे, कन्नडमध्ये लिहून आणा, असे सांगून परत करण्यात आला. आम्ही कन्नडमध्येही लिहून दिला. त्याची पोचदेखील आजवर आलेली नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. ते मराठीत लिहीत आहे, कारण गाऱ्हाणे मांडताना संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३५०व्या कलमाने प्रत्येकाला दिला आहे, आणि हे कलम मी मुलांना वर्गात शिकवलेले आहे.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगते.

२०१९ साली नागपंचमी ५ ऑगस्टला होती. त्या संध्याकाळी पाणी मारुतीच्या देवळाच्या खालच्या पायरीला लागले. देवळाच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ लाल रंगाने ओढलेली आहे. त्या रेघेच्या खाली ज्यांची घरे, त्यांनी सामान वर चढवले. रेघेच्या वर ज्यांची घरे, ते निर्धास्त झोपले, आणि त्यांत आमचेही घर होते. २००५ ला आले नाही ते आता कुठून येणार, हे वाक्य मी त्या रात्री किमान दहा जणांच्या तोंडून ऐकले आणि खरे सांगायचे तर स्वतःही म्हटले. पहाटे पाणी रेघेला लागले आणि थांबले नाही. त्या आठवड्यात कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ, जिथे धोक्याची पातळी ४३ फूट आहे, तिथे पंचगंगा ५५ फुटांवर गेली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांवर गेली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ आणि आमच्या बाजूला यमगर्णीजवळ बंद पडला. निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी या तालुक्यांतील काठची गावे बेटे होऊन बसली.

आम्हाला सावध केले ते कोणत्याही कार्यालयाने नव्हे. माझी नणंद मुरगूडला दिलेली आहे, तिचा रात्री फोन आला. “वहिनी, वेदगंगा कधी नव्हे ती इथवर आलीय, उद्या दुपारपर्यंत तुमच्याकडं येईल, जनावरं आधी सोडा.” तिच्या त्या एका वाक्यामुळे आमच्या गल्लीतली सगळी जनावरे वाचली. सीमाभागात पुराचा इशारा असाच येतो. कुणाची लेक कागलला, कुणाची बहीण गारगोटीला, कुणाचा मावसभाऊ राधानगरीला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्ये वेगळी झाली, सोयरिकी तेवढ्या जुन्याच राहिल्या, म्हणून आमच्याकडे अजून कुणीतरी फोन करते. ज्यांचे वरच्या अंगाला कुणी नाही, त्यांचे काय?

शाळेच्या सहा खोल्यांत आम्ही तीनशेहून अधिक माणसे दहा दिवस राहिलो. हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी कुटुंबांची नावे, आजारी माणसे, गरोदर बायका आणि पाणी कोणत्या वेळी कुठे होते याची नोंद ठेवली. पहिले दोन दिवस बाहेरून काहीही येऊ शकले नाही, तेव्हा शाळेच्या दुपारच्या आहाराचा तांदूळ आणि तूरडाळ मी स्वतःच्या जबाबदारीवर शिजवायला दिली. त्या तांदळाचा खुलासा पुढे मला तीन वेळा लेखी द्यावा लागला. पुरात माणसांना भात घातला, यापेक्षा वेगळे कारण तिसऱ्या वेळीही मला सुचले नाही. गावातल्या पोरांनी गुऱ्हाळाची काहिल, म्हणजे गूळ शिजवण्याची भली मोठी कढई, पाण्यात घालून तिच्यातून अंथरुणाला खिळलेली तीन माणसे आणली. काहिलीला ना वल्हे, ना सुकाणू. दोन्ही बाजूंना ट्यूब बांधलेली पोरे पोहत ती ढकलत होती. त्याच आठवड्यात, ८ ऑगस्टला, सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटली आणि माणसे बुडाली. ती बातमी कळली तेव्हा आमची पोरे पाण्यातच होती. त्यांच्या धाडसाचे सत्कार पुढे झाले. मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते, की सत्काराच्या शालीऐवजी दहा जीवरक्षक जाकिटे दिली असती तर ती गावाच्या उपयोगी पडली असती.

पाणी थोडे उतरल्यावर विजापूर-बागलकोटकडून एक गाडी आली. कापडात बांधलेल्या कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, लुगडी. गाडीवाल्यांना मराठी येत नव्हते आणि आमच्या बायकांना कन्नड. तरी कुणाच्या घरात किती पोरे आहेत हे बोटांवर विचारून त्यांनी मोजून भाकऱ्या दिल्या. कन्नड आणि मराठी माणसांत पुराच्या वेळी भाषेची अडचण आल्याचे मला आठवत नाही. ती कागदावर येते, आणि कागद आपण काढता.

आता गाऱ्हाणी.

पहिले आणि सर्वांत मोठे गाऱ्हाणे इशाऱ्याचे आहे. आमचे पाणी आमच्या राज्यात जन्मत नाही. दूधगंगेवर वर काळम्मावाडीचे धरण आहे, वेदगंगेवर पाटगावचे. दोन्ही कोल्हापूर जिल्ह्यात. भोजजवळ वेदगंगा दूधगंगेला मिळते आणि पुढे दूधगंगा येडूर-कल्लोळच्या परिसरात कृष्णेला मिळते. कृष्णेत कोयना आणि वारणेचे पाणी असते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा तिच्यात उतरलेली असते. कृष्णाच तुडुंब असली, की दूधगंगेला पुढे सरकायला जागा राहत नाही, ती तटते आणि फुगवट्याचे पाणी मागे गावांत शिरते. त्यामुळे आमच्याकडे पाऊस उघडलेला असतो, ऊन पडलेले असते, आणि पाणी मात्र चढत असते. आपल्या पावसाच्या अंदाजात हे पाणी येत नाही. ते फक्त वरच्या धरणांचा विसर्ग, आमच्या बंधाऱ्यांची पातळी आणि कृष्णेची स्थिती या तिन्ही गोष्टी एका जागी ठेवून पाहिल्या तरच कळते, आणि या तीन गोष्टी एका जागी ठेवून आम्हाला सांगणारे कुणीही नाही. राजाराम बंधारा किती फुटांवर आहे, हे कोल्हापूरच्या बातम्यांत तासातासाला येते, म्हणून दूधगंगाकाठचा माणूस पंचगंगेच्या आकड्यावरून स्वतःच्या घराचा अंदाज बांधतो. दुसऱ्याच्या नाडीवर बोट ठेवून स्वतःचा ताप मोजण्यासारखा हा प्रकार आहे.

जे आकडे कळतात, तेही क्युसेकमध्ये असतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी, हे मी शिक्षिका असल्याने सांगू शकते. पण इतक्या हजार क्युसेकने माझ्या दारात किती पाणी येईल, हे मलाही सांगता येत नाही. गावाला आकडा नको, खूण हवी आहे. काळम्मावाडीतून अमुक इतके पाणी सुटले आणि कृष्णा अमुक पातळीवर असली, तर ते इतक्या तासांनी मारुतीच्या कितव्या पायरीला लागेल, एवढे सांगा. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन पुरांच्या खुणा गावोगाव आहेत, त्या मोजून घेतल्या तर हे काम अवघड नाही. काळम्मावाडीचे पाणी दोन्ही राज्यांनी वाटून घेतले आहे. उन्हाळ्यात कृष्णेत पाणी सोडावे म्हणून एका राज्याची पत्रे दुसऱ्या राज्याला जातात. पाणी मागताना जी तार जुळते, ती पाणी येत असताना का तुटते, हे आम्हाला समजत नाही.

इथे कृष्णेवर आमच्या खालच्या अंगाला, कर्नाटकात असलेल्या आलमट्टी धरणाचा विषय निघतोच. धरणाची पाणीपातळी आज ५१९.६० मीटरपर्यंत आहे आणि ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यावरून दोन राज्यांत मोठा वाद आहे. पुराचे खापर महाराष्ट्राने आलमट्टीवर फोडायचे आणि कर्नाटकाने वरच्या धरणांवर, हे आम्ही प्रत्येक महापुरानंतर ऐकतो. त्यावर मत देण्याइतका माझा अभ्यास नाही. मात्र आलमट्टीतून किती पाणी बाहेर जात आहे आणि वरून किती येत आहे, हे दोन्ही आकडे पावसाळ्यात रोज एकाच ठिकाणी, एकाच वेळी वाचायला मिळाले, तर निदान अफवांना तरी जागा राहणार नाही.

दुसरे गाऱ्हाणे भाषेचे. फलकावरची ती सूचना मला वाचता आली, कारण नोकरीसाठी मी कन्नडची परीक्षा दिली होती. फलकासमोर उभ्या असलेल्या इतर कुणालाही ती वाचता आली नाही, मी मोठ्याने वाचून मराठीत सांगितली. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक असतील, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे १९५६ पासून मान्य झालेले तत्त्व आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्यावर माझे मत मी या पत्रात मांडणार नाही, कारण निकाल कोणताही लागला तरी येत्या श्रावणात नदी यायची ती येणारच. कन्नड सूचनेला आमचा कसलाही विरोध नाही. तिच्या खाली तीच सूचना मराठीत असावी, इतकेच मागणे आहे. मोबाईलवर प्रादेशिक भाषांत विभागवार इशारे पाठवण्याची ‘सचेत’ ही राष्ट्रीय यंत्रणा देशात उपलब्ध आहे, त्यामुळे तांत्रिक अडचणीचे कारण आता पुढे करता येणार नाही.

तिसरे गाऱ्हाणे निवाऱ्याचे, ज्यामुळे हे पत्र लिहावे लागले. पुलाबद्दल वर लिहिलेच आहे. त्यात भर एवढीच, की आमच्याकडे माणूस घर सोडत नाही तो घरासाठी नव्हे, म्हशीसाठी. दावणीला दोन म्हशी सोडून बाईला ट्रॅक्टरमध्ये बसा म्हटले तर ती बसत नाही, आणि तिला अडाणी म्हणणाऱ्याने त्या दोन म्हशींच्या दुधावर तिचे घर कसे चालते ते आधी पाहावे. जनावरांचा गोठा, वैरण आणि पाणी यांची सोय ज्या केंद्रात नाही, ते केंद्र कागदावर कितीही मोठे असले तरी रिकामेच राहील. आमच्या शाळेच्या मागे गायरान आहे आणि ते २०१९ लाही कोरडे होते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या १२व्या कलमात निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, औषधोपचार आणि स्वच्छता यांचे किमान निकष ठरवून द्यायला सांगितले आहे. सहा खोल्यांना दोन शौचालये असताना बायकांनी ते दहा दिवस कसे काढले, हे मी इथे लिहीत नाही.

पंचनाम्याचे गाऱ्हाणे वेगळ्या स्वरूपाचे आहे. २०१९ साली कर्नाटक शासनाने पूरग्रस्त कुटुंबाला तातडीचे १० हजार रुपये दिले आणि ज्यांची घरे ७५ टक्क्यांहून अधिक पडली त्यांना ५ लाख रुपये जाहीर केले. ही मदत उदार होती, हे मी मान्य करते, आणि गावात त्यातून पक्की घरे उभी राहिलेली आहेत. चूक मोजण्याच्या वेळेत होती. आमच्याकडची जुनी घरे कच्च्या भेंड्यांची, म्हणजे न भाजलेल्या मातीच्या विटांची आहेत. भेंड्याची भिंत पुष्कळदा पाण्यात असताना पडत नाही. पाणी तिला बाहेरून आधार देते. पाणी उतरते, ऊन पडते, भिंत आतून सुटत जाते आणि मग एखाद्या रात्री बसते. आमच्या घराचा पंचनामा झाला तेव्हा भिंतींवर फक्त ओल होती, म्हणून ते सर्वांत खालच्या ‘सी’ वर्गात गेले, ज्याला ५० हजार रुपये होते. नवव्या दिवशी मागची भिंत पडली, पंधराव्या दिवशी माजघराची. फेरपंचनाम्यासाठी मी चार वेळा खेटे घातले. एकदा वर्ग ठरला की बदलत नाही, असे उत्तर मिळाले. मला निवृत्तिवेतन आहे, मी घर बांधले. शेजारची विधवा बाई आज सातव्या पावसाळ्यानंतरही पत्र्याच्या शेडमध्येच आहे.

पिकाबद्दल थोडक्यात. त्या वर्षी बागायतीसाठी केंद्राच्या निकषाने हेक्टरी १३,५०० रुपये होते, राज्याने त्यात १० हजार घातले, आणि मर्यादा २ हेक्टरांची. गुंठ्याला हिशेब केला तर अडीचशे रुपयांच्या आत. आमच्याकडे गुंठ्याला एक टन ऊस हे साधारण मानले जाते आणि त्या हंगामात उसाचा रास्त व किफायतशीर दर टनाला २,७५० रुपये होता. बाकीचे गणित चौथीतले मूलही करील. महामार्गाच्या भरावाबद्दलही एकच वाक्य: नदीच्या पूरपात्रात मातीचा भराव घालून त्याला रस्ता म्हणायचे आणि मग पाणी तुंबले म्हणून पावसाला दोष द्यायचा, हे थांबवून तिथे खांबांवरचा पूल बांधावा.

आमच्या मागण्या अशा आहेत. काळजी केंद्रांची यादी तातडीने दुरुस्त करून प्रत्येक गावाचे केंद्र नदीच्या त्याच काठावर, २०१९ च्या पाण्याच्या वर असेल असे ठरवावे, आणि ते ठरवण्याआधी ग्रामसभेला विचारावे. केंद्रात जनावरांसाठी वैरण आणि बायकांसाठी पुरेशी शौचालये असावीत. दोन्ही राज्यांच्या पाटबंधारे आणि महसूल अधिकाऱ्यांचा एक संयुक्त पूर कक्ष जून ते सप्टेंबर या काळात चालवावा आणि त्याने दूधगंगा, वेदगंगा, कृष्णा यांच्या बंधाऱ्यांच्या पातळ्या व वरच्या धरणांचा विसर्ग दिवसातून किमान तीनदा कन्नड आणि मराठीत जाहीर करावा. घाटमाथ्यावरून सुटलेल्या पाण्याची बातमी आम्हाला किमान बारा तास आधी मिळावी. प्रत्येक काठच्या गावाला जीवरक्षक जाकिटे आणि दोर द्यावेत व पोहणाऱ्या मुलांना प्रशिक्षण द्यावे. काहिल आम्ही आणू, पण ती शेवटचा उपाय असावी. मातीच्या घरांचा दुसरा पंचनामा पाणी उतरल्यानंतर तीस दिवसांनी करणे बंधनकारक करावे आणि २०१९ चे जे अर्ज फेरपाहणीवाचून पडून आहेत ते निकाली काढावेत.

माझ्याकडे हजेरीपटाची ती पाने आहेत. पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठवर आले आणि केव्हा उतरले, याची २०१९ ची नोंद त्यांत आहे, २०२१ ची मी घरच्या वहीत ठेवली. आपल्यापैकी ज्या कुणाला गावाच्या खुणा मोजायच्या असतील, त्यांना ही पाने पाहायला मिळतील आणि देवळाच्या पायऱ्या दाखवायला मी स्वतः येईन. तरण्या पावसात, म्हणजे पुनर्वसू नक्षत्रात, आमचा पूल पाण्याखाली जाऊ लागतो आणि म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुष्य नक्षत्रात, तो दिसेनासा होतो. या पत्राचे उत्तर त्याआधी मिळावे, ही विनंती.

आपली नम्र,
दूधगंगाकाठची एक निवृत्त मुख्याध्यापिका